पांढऱ्यावर काळे, थोडे लाल, थोडे सोनेरी



शाळेत आपण वाक्प्रचारांच्या याद्या पाठ केल्या. श्रीगणेशा करणे म्हणजे सुरुवात करणे, इतिश्री करणे म्हणजे संपवणे, हरताळ फासणे म्हणजे एखादी गोष्ट पार मोडीत काढणे, पांढऱ्यावर काळे करणे म्हणजे लिहिणे. अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग केला, गुण मिळाले, विषय संपला. हे सगळे शब्द एकाच बैठकीवरून उठून आले आहेत, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. ती बैठक म्हणजे हाताने पोथी लिहिणाऱ्याची. पोथीची पहिली ओळ 'श्रीगणेशाय नमः', शेवटची 'इति श्री' अमुक. मध्ये अक्षर चुकले की त्यावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप द्यायचा. जुना कागद पिवळसर असतो, त्यामुळे चूक झाकली जायची. आजचे व्हाइटनरच ते. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. तो हाट आणि टाळे यांवरून आला. आणि मूळ पोथीत माशी चिरडून चिकटली होती म्हणून नकलेतही माशी काढणारा तो लेखक, त्याच्यावरून 'मक्षिकास्थाने मक्षिका' हा शब्दप्रयोग आला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, पोट संगणकावर. नकलेचे काम मी दिवसातून शंभरदा करते, दोन बोटांनी, एका क्षणात. त्यामुळे हाताने नक्कल करण्यात नेमके काय जाते आणि काय टिकते, हे पुस्तकात वाचून मला समजेना. शेवटी ठरवले की जुन्या पद्धतीने एक पान, फक्त एक पान, स्वतः लिहून आणि रंगवून पाहायचे. दिवाळीच्या सुटीत सुरुवात केली. पान पुरे झाले संक्रांतीला. त्याचा आणि त्यानिमित्ताने वाचलेल्या आपल्या भागाच्या इतिहासाचा हा वृत्तांत.

आपल्या भागाचा म्हणते, कारण हा इतिहास लांबचा नाही. आपल्या शकुंतला रेल्वेचा रस्ता आठवा: यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर. त्यातले कारंजा आज वाशिम जिल्ह्यात आहे. आपल्याला ते नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून माहीत. पण तिथे दिगंबर जैनांची सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन जुनी मंदिरे आहेत आणि त्यांच्या भांडारांत शतकानुशतके पोथ्या जपल्या गेल्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाचे हे धन विद्वानांच्या नजरेस आले. अपभ्रंश भाषा, म्हणजे आपल्या मराठीच्या आधीची पायरी. तिच्यातले ग्रंथ इथल्या पोथ्यांवरून छापले गेले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ साली कारंजा ग्रंथमालेत संपादित केले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांनी त्याच मालेत पुढचे ग्रंथ काढले. नंतर त्यांनी 'षट्खंडागम' हाती घेतला. त्याची जुनी ताडपत्रे फक्त कर्नाटकात मूडबिद्रीला होती. बाहेर आल्या त्या नकला आणि नकलांच्या नकला. त्यांवरून पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून निघाला. वापरलेल्या प्रतींत एक कारंजाची होती.

आणि खुद्द यवतमाळात य. खु. देशपांडे होते. व्यवसायाने वकील, पण महानुभाव पंथाच्या पोथ्यांचा शोध हे त्यांचे खरे काम. त्यांनी शारदाश्रम ही संशोधन संस्था चालवली आणि १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक लिहिले. आपल्या गावात १९७३ साली गदिमांच्या आणि २०१९ साली अरुणाताई ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने झाली, ती आपल्याला ठाऊक आहेत. देशपांडे वकिलांचे नाव मात्र मी शाळेत असताना ऐकल्याचे आठवत नाही.

आता पानाकडे येते.

पहिला प्रश्न कागदाचा. यंत्राच्या कागदावर बोरूची शाई फुटते. हातकागद घेतला तरी तो तसाच चालत नाही. त्याला आधी तांदळाची किंवा गव्हाची पातळ खळ द्यायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळ दिलेला आणि न दिलेला असे दोन तुकडे मी शेजारी ठेवून पाहिले. न दिलेल्यावर रेषेला मुळे फुटतात. घोटलेल्यावर तीच रेष सुरीने कापल्यासारखी उभी राहते. महाराष्ट्रात असा कागद दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला होत असे. या खळीचा एक तोटाही आहे: कसरीला ती आवडते. म्हणून पोथीच्या बासनात वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायची पद्धत पडली.

पोथीचे पान आडवे आणि लांब का असते? कारण कागद येण्याआधी लिहिणे ताडपत्रावर होते आणि ताडाचे पान तेवढेच रुंद असते. ताडपत्राला मधोमध भोक पाडून दोरा ओवत. कागदाला दोऱ्याची गरज उरली नाही, तरी पश्चिम भारतातल्या जैन पोथ्यांचे लेखक भोकाची जागा मोकळी सोडत राहिले आणि पुढे त्या जागी लाल किंवा सोनेरी टिकली काढू लागले. आमच्या धंद्यात असे नेहमी घडते. जुनी यंत्रणा जाते, पण तिच्यासाठी सोडलेला रकाना फॉर्मवर वर्षानुवर्षे तसाच राहतो. फरक एवढाच की आम्ही तो रकाना कुरूप ठेवतो. त्यांनी तिथे फूल काढले.

समासाविषयी मला सर्वांत चांगला सल्ला समर्थ रामदासांकडून मिळाला. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे हवे, ओळी सरळ हव्यात, ग्रंथाचे पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच हातचे वाटावे, असे ते सांगतात. बोरू, शाई, खळ, हिंगूळ असा सगळा सरंजामही मोजतात. दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. एक, चारही बाजूंनी जागा सोडून लिहा. म्हणजे पुढे कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. संगणकाच्या पडद्यावर समास शोभेसाठी असतो. पोथीत तो झिजण्यासाठी असतो. दुसरी, तरुणपणी हौसेने फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते वाचता येणार नाही. अक्षर मध्यम ठेवा. आपल्यापैकी निम्म्यांच्या नाकावर आता चष्मा आहे, तेव्हा यावर अधिक लिहीत नाही.

शाई घरी केली. तिळाच्या तेलाचा दिवा, कापसाची वात (वात तरी यवतमाळची) आणि वर उपडी धरलेली तांब्याची ताटली. तासन्‌तास दिवा जळतो आणि हाती चमचाभर काजळी येते. जुन्या कृतींत काजळाइतकाच हिराबोळ आणि दुप्पट डिंक असे प्रमाण सापडते. मी बाभळीचा डिंक वापरला. खरे काम आहे ते खलण्याचे. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. डिंकाच्या पाण्याबरोबर ती जितकी खलाल तितकी तिची कणी डिंकात गुंडाळली जाते. दोन तास खललेली शाई राखाडी उमटते. आठ तास खललेली काळीभोर. ही कोळशाची शाई उडत नाही, कारण उन्हाने किंवा हवेने कोळशाचे आणखी काही होत नाही. हिरडा आणि हिराकस यांची दुसरी, स्वस्त शाई असे. ती कागदात मुरते, पुढे तपकिरी पडते आणि आम्लामुळे कागद खाते. युरोपातल्या जुन्या पुस्तकांची शाई बहुतेक याच जातीची. एखाद्या जुन्या कागदावर अक्षरांच्या जागी जाळी झालेली दिसली, तर ते कसरीचे काम नसेल, शाईचेही असू शकते.

बोरू नदीकाठच्या नळाचा. त्याला तिरका छेद द्यायचा, मध्ये बारीक चीर पाडायची. एका बुडीत चार-पाच अक्षरे होतात, मग पुन्हा दौत. टोक काही ओळींनी बोथट होते, मग पुन्हा चाकू. दोरे ताणलेल्या फळीवर कागद दाबला की न दिसणाऱ्या ओळी उठतात. त्यांना अक्षरे टांगायची. टांगायची हा शब्द अचूक आहे. इंग्रजी अक्षर ओळीवर बसते, आपले ओळीला लोंबते. पोथीत शब्द तोडायचे नाहीत. डोईवरची रेघ सलग जाते. म्हणूनच जुनी पोथी मनात वाचणे कठीण आणि मोठ्याने वाचणे सोपे असते. शब्द कुठे संपतो ते कान सांगतो. ओवीचा आकडा आणि अध्यायाची अखेर दिसावी म्हणून तिथे गेरूचे बोट फिरवत.

मग रंग. समासाच्या दुहेरी रेघा हिंगुळाच्या असत. हिंगूळ पाऱ्याचे संयुग, हरताळ आर्सेनिकचे, दोन्ही विषारी. म्हणून मी हिंगुळाऐवजी गेरू आणि हरताळाऐवजी पिवडी घेतली, आणि घरात मुले असणाऱ्यांनी तेच करावे. निळ्यासाठी जुने चित्रकार अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द वापरत. पंधराव्या शतकातल्या गुजरातेतल्या कल्पसूत्राच्या पोथ्यांत तो आहे आणि युरोपातल्या मठांतल्या ग्रंथांतही आहे. एकाच डोंगरातला दगड दोन्हीकडे गेला.

सोने सर्वांत शेवटी. वर्ख बशीत ठेवून त्यावर मधाचे थेंब टाकायचे आणि बोटाने गोल गोल चोळत राहायचे. तासाभराने चमक जाते आणि मळकट पिवळा गाळ उरतो. पाणी घालून तो बसू द्यायचा, मध धुऊन टाकायचा, पुन्हा पाणी, पुन्हा निवळ. मग चिमूटभर डिंकाच्या पाण्यात कालवून बारीक कुंचल्याने लावायचे. वाळल्यावर ते सोने वाटतच नाही. हळदीचा डाग वाटतो. मग अकीकाच्या गुळगुळीत खड्याने हलकेच घोटायचे, आणि एका क्षणी ते पेटते. अशा पानाला युरोपात उजळलेले पान म्हणत. दिव्याच्या हलत्या उजेडात ते पाहिले की कारण कळते: पान तिरके झाले की प्रकाश त्यावरून चालत जातो. छापलेल्या सोनेरी रंगात हे होत नाही. गंमत अशी की आयर्लंडमधले 'बुक ऑफ केल्स', इसवी सन ८०० च्या सुमाराचे, जगातले सर्वांत प्रसिद्ध सजवलेले हस्तलिखित. त्यात सोने मुळीच नाही. त्याचा सोनेरी झळाळ हरताळाचा आहे. आपल्या लेखकांनी जे चूक पुसायला वापरले, ते तिथल्या साधूंनी सोने म्हणून लावले.

माझ्या पानावर नऊ ओळी आहेत. लिहिण्याचा माझा वेग तासाला चार ओव्या असा पडला. 'ज्ञानेश्वरी'च्या ओव्या नऊ हजारांवर. दिवसाउजेडी रोज सहा तास लिहिले तरी माझ्या हाताला वर्षाहून अधिक लागेल, तेही रंग आणि सोने न धरता. सराईत लेखक दुप्पट-तिप्पट वेगाने लिहीत असेल. तरी एक प्रत म्हणजे एका माणसाच्या आयुष्यातले कित्येक महिने. म्हणून पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखक सांगतो की पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली मान घालून हे लिहिले आहे, पोटच्या पोरासारखे सांभाळा. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. आधी हे मला ठरावीक साच्याचे वाटत असे. आता तो वापराच्या सूचनांचा कागद वाटतो, आणि कंबरेचा भाग तर शब्दशः खरा.

हाताने नक्कल करताना चुका कुठून शिरतात, हेही लिहिताना उमगते. डोळा मूळ पोथीवरून आपल्या कागदावर येतो आणि परत जातो. जवळच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील, तर परत जाताना तो दुसरीवर उतरू शकतो आणि मधले गळते. जुन्या वळणात 'ख' आणि 'रव' सारखे दिसतात, 'घ' आणि 'ध' सारखे. अशा शंभर हातांतून गेलेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या प्रती पैठणला एकनाथांनी जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला. त्यात पुढे कोणी स्वतःची भर घालू नये अशी ताकीदही दिली. आम्ही आज ज्या कामाला मोठमोठी साधने वापरतो, ते त्यांनी एकट्याने, डोळ्यांनी केले.

आणि प्रती नष्ट झाल्या तर? 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ, म्हाइंभटांनी इसवी सन १२७८ च्या सुमारास आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केला. महानुभाव परंपरा सांगते की पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. त्या आठवणींचे निरनिराळे पाठ झाले. त्यांतला एक हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. सातशे वर्षांपूर्वीची एक बाई, आणि एका अख्ख्या ग्रंथाचा पाठ तिच्या नावावर. पुढे पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. सकळ लिपीत एका अक्षराऐवजी दुसरे वाचायचे. किल्ली माहीत असेल तरच अर्थ. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही लिपी जगापुढे उलगडली. मजकूर सुरक्षित राहिला, पण पाचशे वर्षे मराठीच्या इतिहासाला तो दिसला नाही. कुलूप आणि किल्ली दोन्ही जपाव्या लागतात, हे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगते. माझ्या पानाचा मजकूर मी आमच्या घरच्या एका पोथीवरून घेतला. श्रीधरांचा 'पांडवप्रताप', हस्तलिखित, पणजोबांच्या वेळेपासूनचा. जुने घर विकायचे ठरले तेव्हा माळ्यावरून बासन खाली आले. वाचणारे कोणी नाही, फेकता येत नाही, म्हणून नदीत विसर्जन करावे असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले. त्यात अनादर नव्हता. उलट आदरच होता. मी ते बासन मागून घेतले. उघडले तेव्हा शेवटची पाने नव्हती. त्यामुळे मान मोडून हे कोणी लिहिले, कोणत्या गावी, कोणत्या शकात, हे आता कधीच कळणार नाही. त्या माणसाचे अक्षर मी तीन महिने गिरवले. त्याचा 'ल' मला पाठ आहे. नाव मात्र नाही.

आपली तुकडी आज ज्या वयात आहे, त्या वयात आईवडिलांची घरे आवरावी लागतात. पुसद, दिग्रस, नेर, वणी, कळंब, उमरखेड, जिथे जिथे आपले वाडे-घरे आहेत, तिथल्या माळ्यांवर लाल फडक्यातली अशी बासने असतील, मोडीतले कागद असतील. पुढच्या पाच-दहा वर्षांत त्यांचे काय होईल ते आपणच ठरवणार आहोत. म्हणून एवढेच मागते. पाण्यात सोडू नका. ऊन दाखवू नका, सावलीत वारा द्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात, दोन फळ्यांमध्ये बांधा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पानाच्या क्रमांकासह, आणि पुष्पिकेचे पान आधी काढा, कारण बासनात सर्वांत बाहेरचे पान तेच आणि सर्वांत आधी झडते तेही तेच. राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने २००३ पासून अशा नोंदी घेतल्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था आहेत, आणि रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पोथी कोणाला द्यायचीच असे नाही. ती आहे एवढी नोंद झाली तरी पुष्कळ.

ज्यांना हे एकट्याने जमणार नाही त्यांनी आपल्या वर्गाच्या गटावर एक ओळ टाकावी. मी दर दोन महिन्यांनी यवतमाळला येते. कॅमेरा, सुती कापड आणि वेखंड माझ्याकडे आहे. आपल्यातले इतिहासाचे आणि मराठीचे शिक्षक मोडी वाचायला मदत करणार असतील, तर पुढच्या मेळाव्यापर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या घरगुती पोथ्यांची एक छोटी यादी तरी तयार करू. बासन कोणाच्या घरचे, त्यात काय आहे आणि लिहिणाऱ्याचे नाव काय, असे तीनच रकाने पुरेत.